काड पेटवण्याआधी

ब्राउनश्वाइग, १७ एप्रिल २०१७

तीर्थरूप अण्णा,
ईश्वरीचा नमस्कार. मी मजेत आहे, थंडी ओसरली. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय. परवा इथे ईस्टरची होळी पेटली. शेजारी बंब उभा होता, तरी धुराचा वास येताच मी घरी परतले. गेल्या वर्षी काड पेटवताना वारा फिरून तुमच्या भुवया जळाल्या, ते तुम्ही हसण्यावारी नेलंत.

यंदा गव्हाचं काड पेटवू नका, नांगरून टाका. गाडलेल्या काडातूनही हवा तापवणारा वायू निघतो, पण तो शेतात डबे पालथे घालून मोजायला मी आहे, माझं इथलं संशोधन तेच. आगीपाशी तुम्ही बांधावर एकटेच असता.

काढणी झाली का, हे विचारायचीही भीती वाटते.

तुमची,
ईश्वरी