यंदाचा सर्वांत प्रभावी माणूस

जळगाव,
डिसेंबरातला तिसरा रविवार

प्रिय नवल,

परवा फोनवर तू मला विचारलंस, "रत्ना, तुमना पेपरवाला तो मानूस निवडतस तरी कसा?" मी तोंड उघडायच्या आत तुझ्या प्रेमराजने फोन काढून घेतला आणि म्हणाला, आत्या, बाबांना बोलून दम लागतो, नंतर करा. नंतर केला तर त्यानेच उचलला आणि तू झोपलायस म्हणून सांगितलं. दिवसाढवळ्या झोपणारा नवल मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. म्हणून हे पत्र. आमच्या पेपरची गाडी पहाटे धुळ्यात गठ्ठे टाकते, तिचा ड्रायव्हर उखर्डू हे फक्त तुझ्या हातात देणार आहे. फाटकापाशी पेपर घ्यायला अजून तूच येतोस, हे मला ठाऊक आहे. आत जाऊन वाचू नकोस. तिथेच ओट्यावर बस.

तर ऐक. 'खान्देशचा सर्वांत प्रभावी माणूस' निवडायला आमच्याकडे एक निवड समिती आहे. तिच्यात एक प्राचार्य आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत, दोघांची नावं छापतो, दोघांना पेढे पाठवतो, बोलावत कुणालाच नाही. वाचकांची मतं मोबाईलवर येतात, त्यांचे आभार मानतो. खरी निवड होते ती नशिराबादजवळच्या आमच्या मालकांच्या, मोतीलालशेठच्या मळ्यात, भरीत पार्टीला. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी पडतात, शेठ खाटेवर बसतात, जाहिरातवाला नावं वाचतो आणि मी लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचते. वीस वर्षं पेपरात काढली, वर्षअखेरची पुरवणी एकटी काढते, तरी ठेचायला मीच. तू म्हणायचास ते खरंच आहे, "तू पेपरमा काम करस का पापड लाटस?" वांगी सोलून होईपर्यंत नाव ठरलेलं असतं. पहिल्या घासाला शेठ म्हणतात, झालं, आणि खान्देशवर कुणाचा प्रभाव पडला ते खान्देशला कळतं.

पूर्वी ज्याच्या जाहिराती जास्त, त्याचा प्रभाव जास्त. सोपं होतं. मग तीन वर्षांपूर्वी आमचा निवडलेला माणूस, तो शाळांचा सम्राट, संक्रांतीच्या आधीच आत गेला. त्याच्या घरी झडती झाली, त्या फोटोत मागच्या कपाटात आमचं मानचिन्ह चमकत होतं, पेपरचं नाव वाचता येईल एवढं.  पुढच्या भरिताला शेठनी नवा नियम काढला. म्हणाले, "आते असा मानूस पाहा, जो पुढला साले आपले नडाव नही. मरेल मानूस कोनलेच नडत नही." मेलेला कुणाला नडणार, म्हणून सगळे हसले. मीही हसले, मला वाटलं शेठ थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. त्या वर्षी आम्ही एका मुख्याध्यापकाला निवडलं, ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. शाल पायांवर पांघरली आणि फोटो काढला. शिमग्याला गेले. गेल्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याची बुधीबाई, जुनं बियाणं जपणारी. तिच्याआधी तीन नावं होती, धडधाकट, कामाची. शेठनी एकच विचारलं, त्यातलं कोण किती थकलंय? बुधीबाईला दिसत नव्हतं, श्वास लागत होता. तिची निवड झाली. सत्काराला तिला जीपमधून आणलं, तिने माईकसमोर विचारलं की घरी कधी सोडणार. महिन्याभरात गेली, आणि तोच मजकूर चार शब्द बदलून आम्ही श्रद्धांजली म्हणून छापला. मला आता सूचनाच आहे, मजकूर असा लिहा की नंतरही चालेल.

तुझं नाव मी नऊ वर्षं दिलं, नवल. नऊही वर्षं शेठनी उडवलं. त्यांचं म्हणणं, तोंडाचा फाटका आहे, डोक्यावर बसवला तर आपल्याच डोक्यात मारेल. खोटं नाही. रक्तपेढीच्या दारात साहेबाची कॉलर धरणारा तू. मोठ्या घरच्या लग्नात भर पंगतीतून नवरदेवाच्या भावाला उठवून रक्त द्यायला नेलंस, जिलेबीचा हात पुसायला रुमालही दिला नाहीस. धुळ्यापासून सावद्यापर्यंत तू एका फोनवर मिळवून दिलेल्या रक्तावर जगलेली माणसं आहेत आणि त्यातल्या अर्ध्यांना तू शिव्या दिल्या आहेस. असला माणूस शेठना कशाला हवा? यंदा मी तुझं नाव दिलंच नव्हतं. शेठ स्वतःच म्हणाले, धुळ्याचा नवल घ्या. मी बडगीवरचा हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला मिरची वाढवायला सांगितली.

आणि तू लाडू खाल्ल्यासारखा खूश! वर्षानुवर्षं आमच्या पुरवणीला तू रद्दी म्हणालास, आणि शेठचा फोन येताच पत्रकार दिनाच्या सत्कारासाठी सफारी शिवायला टाकलीस. तुझ्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, मला सांगितलं. त्या हे सांगताना रडत होत्या, मला आधी कळेना सफारीत रडण्यासारखं काय आहे. मग म्हणाल्या, यांनी शिंप्याला मापं सैल घ्यायला लावली, म्हणे कावीळ उतरली की अंग भरेल, तेव्हा घट्ट व्हायला नको. त्या काविळीसाठी तू दिवाळीपासून बिनतेलाचं, बिनतिखटाचं खातोयस. मळ्यातलं भरीत मी तुझ्यासाठी डब्यात पाठवलं तर तू परत पाठवलंस आणि वर निरोप, "पुढला साले दोन ताट खासू." तू, जो बिनतिखटाच्या वरणाला दवाखान्याचं पाणी म्हणायचास! तुझ्या या आज्ञाधारकपणाचा मला इतका राग आला की डबा मी भावाच्या कुत्र्याला घातला.

तुझा आज्ञाधारकपणा मला नवा नाही म्हणा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुझ्या काकांनी माझ्या घरी येऊन सांगितलं की आपलं लग्न जमायचं नाही, आणि ते तुला दोन दिवसांनी कळलं. जगाची कॉलर धरणारा तू, घरच्यांनी तुझ्याबद्दल ठरवलेलं मात्र निमूट ऐकलंस. झालं ते झालं. मी एकटी राहिले ती तुझ्यामुळे असं समजू नकोस, एवढा प्रभाव तुझा नाही.

पण आमचे आबा आठवतात? आम्ही बहीणभावांनी आबांना अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. घरभर कुजबुज, त्यांच्यासमोर हसणं, दूधभात. तू रक्ताच्या बाटल्या घेऊन आलास, त्यांच्या खाटेवर बसलास आणि सरळ सांगितलंस, "आबा, अल्सर नही शे. कॅन्सर शे. दिन थोडा शेत." मी तुला कसाई म्हणाले. भावाने तुला जिन्यावरून ढकललं. दोन वर्षं मी तुझं तोंड पाहिलं नाही. आबा मात्र दुसऱ्या दिवशी उठून बसले, गाडी मागवली, सावद्याला धाकट्या भावाकडे गेले, ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं. चार दिवस त्याच्या केळीच्या बागेत खाट टाकून राहिले, भांडले, रडले, मटण खाल्लं. परत आले ते वेगळेच. शेवटी मला म्हणाले, त्या पोराने एकट्याने मला माणूस समजलं, तुम्ही सगळ्यांनी लेकरू केलं. तू ढकलला गेलास तेव्हा जिन्यात काय म्हणालास ते माझ्या कानात आहे. त्यांचं मरण त्यांचं आहे, ते चोरू नका.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. भरिताच्या दिवशी मळ्यात प्रेमराज आला होता. शेठच्या खाटेपाशी उभा राहून तो खरंच रडला, मी पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाला की बाबांचं नाव यंदाच घ्या, पुढच्या वर्षी उपयोग नाही. मग विचारलं की फोटोत मी बाबांच्या शेजारी उभा राहिलो तर चालेल ना, वॉर्डाची निवडणूक आहे. त्याला कसाई म्हणू नकोस, तो घाबरलेला पोर आहे आणि हिशेबीही आहे, माणूस दोन्ही असतो. नवल, तुला कावीळ नाही. पोटात नळी टाकली ती पित्ताच्या खड्यासाठी नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी होळीपर्यंतचीच मुदत सांगितली आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या दिवशी प्रेमराज बोलला तेव्हापासून शेठना, जाहिरातवाल्याला, मला. एकट्या तुला नाही. तुझी निवड त्या कॅन्सरमुळे झाली, रक्ताच्या एका बाटलीमुळे नाही. तू यंदाचा सर्वांत प्रभावी माणूस आहेस, कारण तू पुढच्या वर्षी नसणार. माझा तुझ्यावर जीव आहे, तो कधीच कमी झाला नाही, हेही लिहूनच टाकते. आता हवं तर मला ढकल. सत्काराला ये किंवा शेठच्या तोंडावर शाल फेक, तुझी मर्जी. फक्त त्या शिंप्याकडे जा आणि सफारी आजच्या मापाची करून घे. आणि गुरुवारी जळगावला ये. मी वांगी आणून ठेवली आहेत. मिरची पूर्ण घालणार आहे.

तुझीच, कारण आता हरकत घ्यायला कुणाचे काका उरले नाहीत,
रत्ना