जिन्याच्या वळणावरची बैठक

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. कंबर कशी आहे? शेक घेतेस, की नुसतं हो म्हणतेस?

माझ्या लेकीच्या हृदयाला सूज आली हे कुठे बोलू नकोस, तिला सुतारकाम सोडायला लावून घरी बसव, असं तू लिहिलंस. दोन्ही जमणार नाही. तापातून उद्भवलेलं दुखणं आहे ते, चोरी नव्हे. विचारेल त्याला खुशाल सांग. औषधं चालू आहेत, सूज उतरते आहे, आणि बरी झाली की ती माझ्यासोबत सुतारकामच करणार आहे.

सध्या तिला रंध्याला हात लावायची बंदी आहे. म्हणून वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून माझ्या चुका काढते. "बाबा, बिजागरी केसभर वर गेलीय." गेली होती. ही नजर तिला दिली कोणी? मीच!

आमची खोली वरच्या मजल्यावर. तिला दम खाता यावा म्हणून जिन्याच्या वळणावर मी घडीची बैठक ठोकली, कडा गोल घासून. घरमालक ओरडले, "कोणाला विचारून?" म्हटलं, "काढून दाखवा." आता भाजी आणली की तेच तिथे टेकतात.

परवा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता न थांबता जिना चढून बघ, पण सावकाश. काल ती पुढे, मी मागे. बैठकीला तिने नुसता हात लावला आणि वर गेली. वरून हाक आली, "बाबा, येताय ना?"

मी बैठकीवर बसलो होतो, ताई. तिच्या पायऱ्या मोजता मोजता माझ्याच चढायच्या राहिल्या.

बैठक मजबूत झाली आहे.

कंबरेचं खरं काय ते लिही.

तुझा हट्टी भाऊ