सुरणची शाळा

॥ श्री ॥

उमेळे, ता. ११ जानेवारी १९९९

चि. सौ. मालन हीस हिरामणदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

भाऊबिजेला ओवाळणी घेतलीस आणि उलट माझ्याच पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घातलंस, त्याची हकीकत ऐक. नाव सुरण ठेवलं आहे. घडणच तशी आहे. तुझ्या भाचेसुनेला, सुरुचीला, नाव पटलं नाही आणि पिल्लूही पटलेलं नाही. त्याने तिच्या ऑफिसच्या चपलांचे तीन जोड फस्त केले. सांगितल्यावर गुमान बसायला जानेवारीअखेर शिकला तर राहील, नाहीतर केळव्याला परत, असं तिने सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, पण ठाम. तिचंही चुकलं नाही, फ्लॅटात किती सोसायचं? पण मालन, केळीची वाडी विकल्यापासून पहाटे मला उठवायला हे एकच कोणीतरी आहे.

मग तुझ्या भाच्याने, मयूरने, कुत्र्यांची शाळा शोधून काढली. चौथीत सोडलेली शाळा मी काल सत्तराव्या वर्षी पुन्हा धरली. रविवारची प्रार्थना, मिस्सा, सुटल्यावर चर्चमागच्या मैदानात आग्नेल सर शिकवतात. उभा जन्म पोलिसांची कुत्री सांभाळलेला माणूस. खाऊ आणा, पिल्लू बसलं की कणभर द्या, असा निरोप होता. बाकीच्यांनी बिस्किटं आणली, मी घरी वाळवलेली सुकेळी नेली.

सर यायचे होते. मी सुरणला केळ्याचा तुकडा दिला, तर क्लेमेंटीनबाईंचं पांढरं पिल्लू जीभ काढून बघत राहिलं. एकाला देऊन दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं आईने आपल्याला कधी करू दिलं का? मी त्यालाही दिला. मग तिसऱ्याला, चौथ्याला. आठही जणांची पंगत वाढली, दुसरा फेराही झाला.

सर आले. ज्याने त्याने आपापल्या पिल्लाला बस म्हटलं. सात पिल्लं बसली, पण सगळी धावत येऊन माझ्या पुढ्यात, माझ्याकडे तोंड करून. उभा होता तो एकटा सुरण. माझ्या धोतराला सात दोऱ्यांचा वेढा. माझं पिल्लूही तुम्हीच घरी न्या, असं क्लेमेंटीनबाई म्हणाल्या. सर मात्र हसले नाहीत. खाऊ ही कामाची मजुरी आहे, प्रसाद नव्हे, आणि पुढच्या रविवारी खिसे रिकामे ठेवून यायचं, असं त्यांनी बजावलं.

एवढं मात्र खरं, की अजून बसत नाही. लोभ आहेच, तो थोडा सुरणवरही असू दे.

तुझा हिरामणदादा

केळवे, ता. १५ जानेवारी १९९९

ती. दादास मालनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तर आमच्याकडच्यांना हसून ठसका लागला. म्हणाले, मेहुण्याला कुत्र्यांच्या शाळेतूनही नाव काढून टाकतील.

दादा, तू त्याला बस रे बाळा, बस ना रे, म्हणून विनवत असशील. मयूरला अभ्यासाला बसवतानाही हेच करायचास. एकदाच सांग आणि गप्प उभा राहा. सुरुचीवर रुसू नकोस. तीन जोड गेल्यावर मी तर पिल्लाबरोबर तुलाही पाठवलं असतं. नाहीच जमलं तर एकतीसला मी टोपली घेऊन येते. त्याची आई इथेच आहे, तो सुखात राहील. तुझं काय होईल ते मात्र मला लिहवत नाही. म्हणून म्हणते, नेट धर.

गुडघ्याला तेल लावतोस ना? माझ्यावरची माया कुत्र्यात वाटून संपवू नकोस.

तुझी मालन

उमेळे, ता. २६ जानेवारी १९९९

ती. सौ. आत्यांना सुरुचीचा सा. न. वि. वि.

एकतीसला टोपली आणू नका, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. बाबांना या पत्राचं ठाऊक नाही.

परवा तिसऱ्या तासाला मीही गेले. बाबांनी खिसे उलटे करून सरांना दाखवले. बस एकदाच म्हणाले, तुम्ही सांगितल्यासारखं. सगळी पिल्लं बसली आणि सुरण शेपटी हलवत बसलेल्यांची पाहणी करून आला. तास संपल्यावर कोणाच्या लिंबाला फळ धरत नाही, कोणाचा कुंडीतला मोगरा वाळतो, म्हणून सगळे बाबांभोवती. इतकं बोलताना मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी परतलो. जिन्यात थांबून म्हणाले, "सुरुची, शब्द म्हणजे शब्द. मी कुरकुर करणार नाही."

आज सुट्टी. बाबा दूध आणायला गेले तेव्हा मी सुरणला स्वयंपाकघरात घेऊन दहा वेळा बस म्हटलं. त्याने दहाही वेळा माझा हात चाटला. बाबा आल्यावर मी सांगून टाकलं, की पहिल्याच शब्दाला बसला. ते दुधाची पिशवी हातात धरून त्याच्याकडे असे बघत राहिले की मला माझं खोटं मागे घेववेना. एकदा मलाही दाखव म्हणाले. तर मी म्हटलं, तो फक्त माझंच ऐकतो.

आता सूनबाईच्या हाताला गुण आहे, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगताहेत. तुम्ही एकतीसला याच, नुसत्या राहायला या. आणि आलात की, सुरणला बसताना तुम्हीही पाहिलं, एवढं सांगा.

काकांना नमस्कार. तुमची माया आहेच, या कामात साथही असू द्या.

आपली
सुरुची