पियानोची बुशिंगं मीच बदलतो

३ नोव्हेंबर २०२४, सकाळ
लकव्यानंतर बायकोचा, सुमंगलेचा उजवा हात जरा हलू लागलाय. डॉक्टर म्हणाले, पियानो येतो ना यांना, मग रोज वाजवू द्या, बोटं परत येतील. पण तिच्या वडिलांचा तो पियानो खडखडतो. धारहून लेकीचा, नेहाचा फोन. इंदूरचा कारागीर देवासला पाठवते म्हणाली. नको म्हणालो. बिजली ऑफिसात सब-इंजिनियर होतो मी. एक आठवडा, बस.

५ नोव्हेंबर
दोष सापडला. प्रत्येक हातोडी एका बारीक पिनेवर झुलते. पिन बसते त्या भोकात कापडाचं अस्तर, तेच बुशिंग. झिजलंय. जुनं काढायचं, नवं डकवायचं. शिंप्याचं काम.
सगळ्या हातोड्या काढल्या. सुमंगला म्हणाली, अर्ध्या राहू द्यायच्या होत्या, तेवढ्यावर वाजवलं असतं. अर्धवट काम मला जमत नाही.

९ नोव्हेंबर
बुशिंगचं कापड म्हणे बाहेरून मागवावं लागतं. लूट. ट्रंकेत सासऱ्यांचा दरबारी कोट होता, लाल बनातीचा. अस्सल लोकर. पाठीकडून कापला, पुढून कळतही नाही. सुमंगलेनं तो मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं घडी घालत बसली. कल्पना आवडली असावी.

२४ नोव्हेंबर
बनात जाड निघाली. पिना आत जाईनात. ठोकून घातल्या. काही ठिकाणी लाकूड चिरलं. माल हलका.

१२ डिसेंबर
सगळं जोडलं. हातोड्या वर जातात, खाली येत नाहीत. शिलाई मशीनचं तेल सोडलं. कापड तेल पिऊन फुगलं, आता वरही जात नाहीत. शेजारचा भूपेंद्र म्हणाला, "काकासाब, अब तो कारीगर बुला लो." शास्त्र कळत नाही त्याला.
पुन्हा सगळं खोललं.

२० डिसेंबर
सुमंगला टेबलाच्या कडेवर बोटं चालवत बसते. टकटक होते, माझं लक्ष उडतं. तसं सांगितलं. तिनं हात पदराखाली घेतला. समजूतदार आहे.

१८ जानेवारी
डॉक्टरकडे गेलो. दोन बोटं आखडली आहेत. व्यायाम का थांबवला, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आळशी आहे ही, पहिल्यापासूनच. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. थंडी असल्यामुळे मी पडदा सोडला.

२ फेब्रुवारी
नेहा येऊन आईला धारला घेऊन गेली. चार दिवसांसाठी. तिच्याकरता इलेक्ट्रिक कीबोर्ड घेतलाय म्हणे. प्लास्टिकचं खेळणं. असो. घर शांत, आता काम धडाक्यात.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
फोन केला. मागे कोणीतरी वाजवत होतं, हळूहळू, मधेच अडखळत. नेहा म्हणाली, आई आहे. फोन तिला द्यायला लावला. आधी सांगितलं की लय चुकतेय. मग म्हणालो, पियानो महिनाभरात होतो, मग न्यायला येतो.
ती म्हणाली, "पियानो नीट झाला तरी येऊ नका."
आवाज शांत होता. राग नव्हता, ही चांगली खूण. अजून अशक्तपणा आहे, होईल ठीक.
फोन तिनंच ठेवला. कुकरला पाणी किती घालतात ते विचारायचं राहिलं.