वरच्या ओळीतलं उमरेड

इंदोरा, नागपूर
रविवार, २९ एप्रिल १९७९

प्रिय प्रेमिला,

तुले अन् जावईबापूले सप्रेम जय भीम. पोट्ट्यायले गोड पापा.

आम्ही सारे मजेत. ऊन असं तापून राहिलं की माठातलं पाणीसुद्धा कोमट लागते. तुझे भाऊजी कूलर लावतो लावतो म्हणतात अन् तो अजून माळ्यावरच आहे. पण हे सारं मी काहून लिहून राहिली? मले तर एकच गोष्ट सांगायची घाई झाली आहे!

प्रेमिले, मी ड्युटीवर गेली! टेलिफोनच्या बोर्डावर, माझ्या स्वतःच्या खुर्चीवर!

थांब, मले माहीत आहे तू काय म्हणशील. भीमजयंतीले आली होती तेव्हा न्हाणीत माझा हात धरून तू छातीतली ती गाठ दाखवली. "दुधाची असन वं ताई, कोणाले सांगू नको" म्हणाली. मी तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून तू रुसून गेली. त्या गाठीचंच बोलायचं आहे मले. पण आधी सोमवार ते शनिवारचा माझा हप्ता ऐक, मधात टोकू नको.

त्या ऑपरेशनाच्या आजारपणात माझी पूर्ण पगाराची रजा संपली, मग अर्ध्या पगाराची संपली, शेवटी बिनपगारी घरी बसली. तुझे भाऊजी एकटे घर ओढून राहिले होते अन् एका शब्दानं बोलत नव्हते, त्याचाच मले जास्त राग येई. आता मेडिकल हॉस्पिटलच्या डॉक्टरनं लिहून दिलं, कामावर जा, पण सुरुवातीले हलकं काम. आमच्या सुपरवायजर पार्वतीबाई, ज्यांच्या चपला वाजल्या की पोरी गप्पा गिळतात, त्या म्हणाल्या, "पगार पूर्ण मिळंन. पहिला हप्ता दोन तास बोर्ड, बाकी वेळ तक्रारीचं टेबल. जमलं तर तास वाढवू. नाही जमलं तर टेबलच तुझं, कायमचं." तक्रारीचं टेबल म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या अन् माशा. मले बोर्डच पाहिजे होता!

सोमवारी निळी साडी नेसून गेली. आत तोच गलका. "अकोला, बोला अकोला", "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" बोर्डावरचे दिवे लुकलुकून राहिले. रडू आलं मले, पण हसू जास्त आलं.

आमचं बोलायचं यंत्र तू पाहिलं नाही. गळ्यात पट्टा असते, त्याले एक पाटी, ती छातीवर टेकते, अन् पाटीवरून भोंगा तोंडापर्यंत येते. मी ते घातलं, अन् पाटी गेली डावीकडं कलून. भोंगा काखेकडं. मी सरळ करते, ते पुन्हा कलते. तिकडून गिऱ्हाईक ओरडते, "बाई, झोपल्या का?" साऱ्या पोरी माझ्याकडं पाहून राहिल्या.

पाटी काहून कलली, ते सांगितल्याशिवाय मले पुढं लिहिता येत नाही. पोटाचं ऑपरेशन नव्हतं वं ते. आईले धक्का बसंन म्हणून पोटाचं म्हटलं, अन् मग साऱ्यायले तेच सांगत गेलो. कॅन्सर होता. माझी डावी छाती पूर्ण काढली. मग बिजलीचे शेक घेतले, चामडी भाजल्यासारखी काळी पडली. सुरुवात एका गाठीनंच झाली होती. न दुखणारी, तुझ्यासारखीच.

न्हाणीत माझी बोलती बंद झाली ती त्याच्यानं.

तर, चपला वाजल्या. म्हटलं, गेला आपला बोर्ड! पार्वतीबाई सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. कमरेचा रुमाल काढला, घडी केली, पाटीच्या मागं कोंबला, बांगडीतली सेफ्टीपिन काढून टोचली अन् म्हणाल्या, "हं. लाव नंबर." माय वं, भोंगा बरोबर तोंडासमोर! असा आवाज निघाला माझा की बाजूच्या खुर्चीवरची शामला म्हणते, "हळू वं, अकोल्याले तारेशिवायच ऐकू जाईन!"

दुसऱ्या दिवशी शामलेनं पाटीसाठी पोपटी कापडाची, कापूस भरलेली गादीच शिवून आणली. "बाहुलीच्या लग्नातली उशी" म्हणून साऱ्या चिडवून राहिल्या. मीही हसली. छातीच्या त्या जागेवरून मी पहिल्यांदा हसली, प्रेमिले.

एकच अडलं. आम्ही उजव्या हातानं कॉलचं तिकीट लिहितो अन् डाव्या हातानं बोर्डाच्या भोकात दोरी खुपसतो. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अन् बोर्डाच्या सगळ्यात वरच्या ओळीत, कोपऱ्यात, कोणतं गाव असन? तुझं उमरेड! उमरेडचा कॉल आला की शामला माझ्या हातातली दोरी घेई अन् वर लावी. घरी मी रोज भिंतीवर बोटं चढवत होती, डॉक्टरनं सांगितलं तशी. पोट्ट्यायची उंची मोजतात तशी तुझे भाऊजी पेन्सिलीनं खूण करत.

काल शनिवारी जावईबापूच्या कोळशाच्या खाणीचा अर्जंट कॉल आला. शामला पाणी प्यायले गेली होती. दिवा लुकलुकून राहिला. मी दात दाबले अन् हात उचलला. काखेत असं ताणलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण खुपसली! "उमरेड, बोला उमरेड!" मागं पाहते तर पार्वतीबाई. म्हणाल्या, "सोमवारपासून चार तास." अन् चपला वाजवत गेल्या. मी घरी येताना अर्धा किलो जिलेबी आणली अन् अर्धी रस्त्यातच खाल्ली!

आता तुझं. तुझी गाठ कदाचित काहीच नसन. पण ते तू अन् मी ठरवायचं नाही, डॉक्टरनं ठरवायचं. तू दाखवली तेव्हा मी स्वतःच भ्याली होती. माझं पुढं काय होईन तेच माहीत नव्हतं, तर तुले काय तोंडानं सांगू? आता सांगू शकते. जावईबापूले हे पत्र वाचू दे, लपवू नको. त्यायले राग आला तर मले शिव्या देऊ दे, तक्रारीच्या टेबलावर मले सवय झाली आहे.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं ये. माझी एकही रजा उरली नाही, म्हणून त्या दिवशी माझी ड्युटी शामला करन अन् तिचा रविवार मी करीन. तिनं कारण विचारलं नाही. मेडिकलात माझ्या डॉक्टरले सांगून ठेवलं आहे. न्हाणीत तू मले दाखवलं, मी तुले काही दाखवलं नाही. या वेळी मी दाखवीन. पाहून भिऊ नको. तुझ्या वेण्या घालणारी ताईच आहे मी.

अन् आली नाही, तर शनिवारी बोर्डावरून जावईबापूच्या खाणीच्या ऑफिसात अर्जंट कॉल लावीन अन् साऱ्यांसमोर तुले बोलावून घेईन. आता माझा हात तिथपर्यंत पोचते.

शुक्रवारी सकाळपासून स्टँडवर उभी असणारी,
तुझी
कौसल्याताई