रांगेत भाच्याच्या जागी

दादा, पेपरात सख्ख्या बहिणीचा फोटो दिसल्यावर माणूस आधी बहिणीला विचारतो की सगळ्या नातेवाइकांना फोन लावत बसतो? काल धाकट्या मावशीचा फोन आला. मन घट्ट कर म्हणाली, आणि रोज कपभर दूध पीत जा. परवा चुलतभावाच्या बायकोने मला न विचारता माझ्यासाठी रडूनही घेतलं. मी नशा करत होते आणि आता सुधारले, हे तुम्हा सगळ्यांना इतक्या झटकन पटलं याचंच मला जास्त लागलं. एकाच्याही तोंडून निघालं नाही की छे, ती कसली नशा करते, तिला दोन वेळचा चहा प्यायला सवड नाही. आणि फोटोखाली माझं वय पंचावन्न छापलंय. मला बावन्न चालू आहे, हे तर तुला माहीत होतं. तेवढं तरी लोकांना सांगायचंस.

नमस्कार लिहायचा राहिला, तो सगळ्यात वर आहे असं समज. तीर्थरूप वगैरे लिहितात ते मला येतं, पण रागात असताना ते हातून नीट उतरत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं होतं, चढत असशीलच. वहिनीचा खोकला थांबला का? रक्तदाबाची गोळी घेतोस ना रोज? आम्ही इकडे बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि तुझा मुलगा. फोनवर त्याचा विषय निघाला की तुझ्या दाराशी नेमकं कुणीतरी आलेलं असतं, म्हणून हे पत्र. पत्राला ते कारण चालत नाही.

तर झालं असं. तू त्याला घराबाहेर काढलंस तेव्हापासून तो माझ्या खोलीत राहतो आणि मी काम करते त्याच लाँड्रीत कामाला आहे, हे तुला वहिनीकडून कळलंच असेल. (तिला मी सांगते, तू ऐकत नाहीस असं दाखवतोस, ती ऐकवल्यासारखं दाखवत नाही. तुमचा संसार असाच चाललाय.) आमच्याकडे इस्पितळाच्या चादरी येतात. ओल्या चादरीचं वजन तू कधी उचललं नाहीस म्हणून तुला खुर्चीत बसून मतं सुचतात. चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं एकाने धरायची, दोन दुसऱ्याने, एक झटका मारायचा, पुढे यायचं, पुन्हा मागे. समोरचा अर्धा सेकंद चुकला की चादर जमिनीवर आणि पुन्हा धुवायला. इतक्या वर्षांत माझ्याबरोबर टिकला असा हा एकच. बाकीचे माझ्या तोंडाला कंटाळून पळाले. हा म्हणतो, आत्या, तुझ्या शिव्यांच्या तालावर घडी बरी बसते.

अडचण होती ती खिडकीची. नशा सुटावी म्हणून त्याला दवाखान्यात औषध मिळतं. पातळ औषध, छोट्या पेल्यात, नर्ससमोर उभं राहून प्यायचं आणि नंतर तोंड उघडून दाखवायचं. रोज. खिडकी उघडते नऊला आणि रांग लागते सातपासून. इस्पितळाची गाडी चादरी न्यायला येते साडेनऊला. म्हणजे औषध घ्यावं तर गाडी चुकते आणि गाडी गाठावी तर औषध. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात एक तर कधी रांग लावलेली नसणार किंवा कधी काम केलेलं नसणार. मालक मला म्हणाला की मुलगा चांगला आहे पण असा रोज गायब होणारा माणूस मी किती दिवस ठेवू. त्याचंही खोटं नव्हतं. त्या रांगेतले निम्मे लोक असेच कामाला मुकलेत. बरं होण्यासाठी काम सोडायचं, आणि काम सुटलं की पुन्हा बिघडायला दिवसभर मोकळे.

(तू म्हणशील, एक नशा सोडून दुसरी धरली, औषध कसलं ते. वहिनीने सांगितलं मला तुझं वाक्य. तू बारा वर्षं रक्तदाबाची गोळी घेतोस, तुला कुणी गोळीबाज म्हटलंय का?)

पूर्वी त्या रांगेत लोक वस्तू ठेवून नंबर धरायचे. कुणी चप्पल, कुणी पिशवी, एकाची तर कायमची वीट होती, तिला सगळे ओळखायचे. मग रखवालदाराने फर्मान काढलं की वस्तूंची रांग चालणार नाही, माणूस पाहिजे. ठीक आहे, माणूस तर माणूस. मी भाच्याला म्हटलं, तू गाडीसाठी गठ्ठे बांध, तोवर मी उभी राहते, खिडकी जवळ आली की पळत ये. सकाळी मशीन फिरत असतं, मला तेव्हा निघता येतं. महिनाभर हे व्यवस्थित चाललं. रांगेतल्या लोकांशी माझी ओळख झाली. एक वायरमन आहे, एक पूर्वी शिक्षक होता, सगळे माझ्यापेक्षा सभ्य.

त्या दिवशी नेमका नगरसेवक आला, फोटोवाले आणि माईक घेऊन. निवडणुकीत हाच गृहस्थ ओरडत होता की ही खिडकी बंद करून दाखवतो, वस्तीला कलंक आहे. निवडून आल्यावर कुणीतरी त्याला समजावलं असणार की रांगेतल्या लोकांनाही मतं असतात आणि त्यांच्या आयांनाही. आता तो फुलं वाटत होता. रांगेत बाई मी एकटी, त्यामुळे गुच्छ माझ्या हातात पडला. म्हणाला, या ताईंनी पंचावन्नाव्या वर्षी व्यसनावर मात केली. मी वय सुधारायला तोंड उघडलं तर त्याने माईकच पुढे केला. माईक समोर आल्यावर मी वय विसरले. म्हटलं, साहेब, औषध नऊला आणि कामाची गाडी साडेनऊला. माणसाने बरं व्हायचं की कामावर टिकायचं ते एकदा ठरवून सांगा. जे नेमाने येतात त्यांना आठवड्याचं औषध घरी द्या की. इथला डॉक्टर वर्षभर हेच लिहून पाठवतोय, वाचतं कोण?

रांगेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या आणि तिथल्या तिथे ती नगरसेवकाची कल्पना झाली. त्याने जाहीरच केलं, या महिन्यापासून आठवड्याचं औषध घरी. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, चौथ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर माझा एवढा मोठा फलक लागला. भाचा त्याच्याकडे बघून म्हणाला, आत्या, तुझा चेहरा माझ्यापेक्षा जास्त नशेबाज दिसतो.

आता गंमत ऐक. घरी औषध हवं तर घरातलं वडीलधारं माणूस डॉक्टरसमोर उभं राहिलं पाहिजे की बाटल्या मी कुलपात ठेवीन आणि रोज माझ्या हाताने देईन. मी गेले. कारकून म्हणाला, ताई, तुम्हाला नाही चालणार, तुम्ही स्वतःच पेशंट आहात, बाहेर फलक आहे. डॉक्टरला खरं ठाऊक आहे. तो तोंड फिरवून हसला आणि मग हळूच म्हणाला, ताई, आत्ता खरं बोललात तर साहेबांचं हसं होईल, आणि ही सोय अजून कच्ची आहे, त्याच दिवशी बंद करतील. थोडे दिवस सुधारलेल्याच राहा. तेव्हा, दादा, तू सगळ्यांना जे सांगितलंस ते चुकीचं आहे, पण आता कुणालाही खरं सांगू नकोस. मावशीलासुद्धा नाही. मी दूध पिते म्हणून सांग.

तुझी बहीण

ता. क. वडीलधारं माणूस म्हणजे तू, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. डॉक्टर शुक्रवारी बसतो. औषध ज्या घरात, मुलगा त्या घरात, असा नियम आहे. म्हणजे त्याला घरी न्यावं लागेल. चादरीची घडी घालता घालता तो मध्येच विचारतो, बाबांचा गुडघा कसा आहे? मी म्हणते, जाऊन बघ. तो चादर झटकतो.

आणखी एक. वहिनी यायला तयार आहे. कपाटाचा खालचा कप्पा तिने रिकामा केलाय आणि कुलूपही आणलंय. तुझे जुने कागद कुठे गेले म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस, ते माळ्यावर आहेत. डॉक्टरला तीही चालेल. पण दार तू लावलं होतंस, ते तिने उघडून भागणार नाही. गुरुवारपर्यंत उत्तर दे. हो असेल तर दोन अक्षरं लिही, पुरे. नाही असेल तर लिहू नकोस, लाँड्रीत ये, चादरीची दुसरी दोन टोकं धर आणि त्याच्या तोंडावर सांग.