एकट्याने यायचं नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पिस्तूल दिलं नाही! बेव्ह स्टर्जिसने, जिला मी अकरावीत वादविवाद शिकवला, जिला समोरच्याच्या डोळ्यांत बघून मुद्दा मांडायला मीच लावलं, तिने आज माझ्याच डोळ्यांत बघून सांगितलं, "मिसेस टी, पहिल्यांदा येणाऱ्या एकट्या माणसाला आम्ही नेमबाजीच्या रेंजवर पिस्तूल भाड्याने देत नाही. कुणाला तरी बरोबर आणा."

का, विचारलं. ती बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवरच्या फडक्याची घडी घालत राहिली.

"दोन वर्षांपूर्वी एक जण एकटा आला होता. छान बोलला. हवापाण्याचं, मासेमारीचं. रेंजवरून जिवंत परत आला नाही."

"मी तशी दिसते का?"

"तोही दिसत नव्हता."

घरी येईपर्यंत गाडीत एकटीनेच भाषण ठोकलं. नागरिकाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचा निकाल लावणारा दुकानदार कोण? ज्या राज्यात माणूस सीटबेल्टसुद्धा आपल्या मर्जीने लावतो, तिथे माझी सही पुरत नाही, सोबतीण लागते? राजांनी हेच केलं, पाद्र्यांनी हेच केलं, 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणूनच केलं. मार्चच्या ग्रामसभेत मांडते. बघतेच.

५ ऑक्टोबर, रविवार

शांत झाल्यावर लिहिते आहे. मला पिस्तूल कशाला हवं, हे बेव्हने विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. चोराची भीती नाही. आमच्या गावात चोर आला तर त्याला आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. ऑगस्टमध्ये नेमबाजी क्लबच्या खुल्या दिवशी कुणीतरी माझ्या हातात बावीस बोअरचं, बारीक गोळीचं पिस्तूल दिलं. समोर कागद, मध्ये काळा गोल. मी श्वास सोडला, चाप ओढला, आणि तेवढ्या क्षणापुरती माझ्या डोक्यातली भाषणं बंद पडली. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. पुस्तक वाचताना बंद पडत नाहीत, चर्चमध्ये तर नाहीतच.

क्लबची हिवाळी लीग नोव्हेंबरात सुरू होते. दर मंगळवारी. त्याआधी माझं स्वतःचं पिस्तूल हवं.

बरोबर कुणाला न्यायचं?

७ ऑक्टोबर

शेजारचा रोलँड गॅनिअन येतो म्हणाला. बहात्तर वर्षांचा. जन्मभर गावाची बर्फ काढायची गाडी चालवली. तीस वर्षं आमच्यामध्ये एक कुंपण आहे आणि माझ्या घराची जादा किल्ली त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. मार्चमध्ये त्याची बायको जानेट गेली. तेव्हापासून शनिवारी चर्चच्या बीन्सच्या जेवणालाही येत नाही. हे चांगलंच झालं, घराबाहेर तरी पडेल.

"तू ग्रामसभेत उभी राहिलीस की मी कानातलं यंत्र बंद करतो," म्हणाला. "तिथे कानांवर दोन-दोन झाकणं देतात म्हणे. मग येतो."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जाताना गाडीत रोलँडला बेव्हच्या नियमावरचं माझं भाषण पाऊण तास ऐकवलं. बेव्हने रबराच्या चटईवर तीन पिस्तुलं मांडली. प्रत्येक उघडून दाखवलं, रिकामं. मग मलाही उघडून बघायला लावलं. "माझ्यावरही विश्वास ठेवायचा नाही." हे आवडलं मला.

"आधी मूठ, मिसेस टी. बाकी सगळं नंतर. डोळे मिटा, हात भिंतीवरच्या खुणेकडे उचला, डोळे उघडा. नळीवरचं पुढचं-मागचं नेमचिन्ह आपोआप एका रेषेत आलं तर ते तुमचं. मनगट वाकवून आणावं लागलं तर दुसऱ्या कुणाचं."

पहिलं छोटं, हलकं, नऊ मिलिमीटरचं. सगळे दुकानदार बायकांना हेच दाखवतात, पर्समध्ये मावतं म्हणून. मी पर्समध्ये पुस्तकं ठेवते. वरचा भाग मागे खेचताना अंगठ्याचा सांधा ओरडला. उडवलं तर मांजराने पंजा मारावा तसं हातातून उसळलं. पाचांतली एक गोळी कागदाला लागली. कोपऱ्याला.

दुसरं बावीसचं रिव्हॉल्व्हर. देखणं. सगळं उघडं, कुठे काय चाललंय ते दिसतं. पण चाप इतका जड की तो मागे येईपर्यंत माझं बोट थरथरायला लागतं.

तिसरं कुरूप. लांब नळी, सगळं पोलाद, हातात घेतलं तर फ्राइंग पॅन उचलल्यासारखं. बावीसचंच, पण चाप काचेची काडी मोडावी तसा सुटतो. झटका जवळजवळ नाही. डोळे मिटले, हात उचलला, उघडले — रेषेत!

"जड का चांगलं?" विचारलं.

"हलकं तुमच्या प्रत्येक धडधडीबरोबर हलतं. जड थोडं दुर्लक्ष करतं."

मग रोलँडने हेच चालवलं. पाच भोकं, सगळी एका नाण्याखाली झाकली जातील अशी. बेव्ह बघतच राहिली.

"कुठे शिकलात, मिस्टर गॅनिअन?"

"चाळीस वर्षं बर्फात गाडी हाकली की हात हलायचा विसरतो."

परतताना सफरचंदाचे डोनट घेतले. त्याने आपला पिशवीतच ठेवला. कुत्रा भाचीकडे देऊन टाकला, म्हणाला. गुडघे दुखतात, फिरवणं होत नाही. बरोबर आहे, म्हणाले मी. मूर्ख बाई. पण हे शेवटचे दोन शब्द मी आज बावीस तारखेला मागे येऊन लिहिते आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज बेव्हने माझी फजिती केली. पिस्तुलात गोळ्या तिने भरल्या आणि मध्येच एक खोटं काडतूस घातलं, मला न सांगता. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचं तोंड खाली गेलं. आवाज नसताना! म्हणजे स्फोट व्हायच्या आधीच मी घाबरून हात दाबत होते.

"सगळ्यांचं होतं," बेव्ह म्हणाली. "फक्त आवाजात ते लपतं."

रोलँड मागे बाकावर हसला. "कोरीन, तुझ्या भाषणांमध्येही असंच एक रिकामं घालायला पाहिजे."

कुरूपच घ्यायचं ठरवलं. पैसे दिले, कागद भरले. शुक्रवारी न्या म्हणाली. मी हातांवरची गोळ्यांच्या शिशाची पूड धुवायला मागे बेसिनवर गेले. थंड पाण्याने धुवायचं, गरम नाही, हा इथला नियम. परत आले तर रोलँड कोट चढवत होता आणि बेव्हचा चेहरा पांढरा. काय झालं, विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

२२ ऑक्टोबर

बेव्हचा फोन. सकाळीच.

"मिसेस टी, तुम्ही हात धूत होतात तेव्हा मिस्टर गॅनिअननी माझ्याकडे काडतुसांची एक पेटी मागितली. अडतीसची."

"मग?"

"तुम्ही दोघांनी मिळून बावीस आणि नऊ चालवलं. अडतीसची गोळी त्या दोन्हींत जात नाही. तुम्ही घेतलेल्यातही नाही."

तरी मला कळेना.

"म्हणजे अडतीसचं काहीतरी त्यांच्या घरी आहे," बेव्ह म्हणाली. "आणि त्यात घालायला काही नाही. मी संपलीत म्हणून सांगितलं. कपाट माझ्या पाठीमागे भरलेलं होतं, त्यांनीही पाहिलं. थँक यू म्हणाले."

शिकारीचा मोसम आहे, नेमबाज आहे, कुणासाठी घेत असेल — मी वकिली करत राहिले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुत्रा कुठे आहे त्यांचा? गाडीत नेहमी बरोबर असायचा."

जायचं ठरवलेला माणूस आधी कुत्र्याची सोय लावतो. अडतीसची पेटी दहा मैलांवर दुसऱ्या दुकानात मिळते. तिथे त्याला कुणी ओळखत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी याच बाईला जुलमी म्हणत होते.

२३ ऑक्टोबर

भाषण लिहिलं. चांगलं आहे. मैत्री, तीस हिवाळे, जानेटची आठवण, हिवाळ्यानंतर येणारा उजेड. वाचून बघितलं आणि फाडलं. हे टाळ्यांसाठी लिहिलं होतं. त्यात तो प्रश्नच नव्हता.

प्रश्न एका वाक्याचा आहे. तो विचारला तर माणसाच्या डोक्यात ती गोष्ट आपण घालू, असं वाटत होतं. बेव्ह म्हणते, तसं होत नाही. विचारायचा. सरळ.

त्याच्या खिडकीत दिवा आहे. गाडी दारात आहे. दर थोड्या वेळाने बघते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी गेले. दार वाजवलं. बराच वेळ लागला त्याला. स्वयंपाकघरात नेलं नाही, पुढच्या थंड खोलीत उभं केलं.

"काय गं? साखर संपली?"

मी हजार लोकांसमोर बोलले आहे. गिरणी बंद करायला आलेल्या मालकांसमोर बोलले आहे. इथे एकच वाक्य होतं. म्हणाले, "रोलँड, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

त्याने पाठीमागचं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"बेव्हने सांगितलं तुला."

"हो."

"ती पोरगी माझ्या पाठीमागे बोलते, आणि तू पळत येतेस. माणसाच्या चेहऱ्यावरून निकाल लावणारे ते लोक कोण, म्हणून मला तू पाऊण तास ऐकवलंस ना? गाडीत? मी यंत्र बंद केलं नव्हतं त्या दिवशी."

"ऐकवलं."

"मग?"

"मी चुकत असेन तर शिव्या घाल," म्हणाले. "पण ते अडतीसचं मला दे. मोसम संपेपर्यंत. हिवाळा संपेपर्यंत."

"घरी जा, कोरीन."

"देतोस?"

"भाषणं सभेत कर. माझ्या घरात नको." दार लावलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच्या भाचीला फोन केला. ती उद्या येते आहे. मदतीच्या नंबरावरच्या माणसाशीही बोलले. तो म्हणाला, विचारलंत ते बरोबर केलंत. त्याला काय जातंय म्हणायला. हरले मी आज. एक वाक्य, तेही धड पोचवता आलं नाही.

२५ ऑक्टोबर

भाची आली. मामा तिच्याशी हवामानावर बोलला. ती त्याच्याकडे राहते आहे, कुत्रा घेऊन आली आहे. अडतीसचा विषय काढला तर म्हणाला, कसलं अडतीस.

२७ ऑक्टोबर

बेव्हचा निरोप — तुमचं पिस्तूल तयार आहे, शुक्रवारीच न्यायचं होतं, कधी येता?

पिस्तूल माझ्या घरी येणार म्हटल्यावर रोलँडच्या घरातला तो खिळा आणि त्यावरची माझी किल्ली डोळ्यांसमोर आली. किल्ली परत माग, असं एक मन म्हणतं. मागितली तर त्याला काय कळेल ते कळेल. ती मला मागायची नाही.

बेव्हला सांगितलं, तुझ्याच कपाटात राहू दे. मंगळवारी येऊन तिथेच चालवीन, तिथेच ठेवीन. मी माझ्या हक्कांची शेंडी कुणाच्या हातात देत नाही. पण हे मी स्वतः ठेवते आहे, माझ्या मर्जीने. फरक आहे. आहेच.

२९ ऑक्टोबर

त्याने हात केला नाही. पत्रपेटीपाशी समोरासमोर आलो तरी.

३१ ऑक्टोबर

भुतांचे मुखवटे घालून पोरं चॉकलेटं मागायला आली. त्याच्या ओट्यावर दिवा नाही. भाचीने लावला, उशिरा.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दार वाजलं. रोलँड. काखेत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, वर दुसऱ्या दुकानाची काडतुसांची एक पेटी, फोडलेली. माझ्या टेबलावर ठेवलं. "बापाचं आहे. रिकामं केलंय. बघून घे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मी उघडून बघितलं. रिकामं होतं.

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "त्या शुक्रवारी तू दार वाजवलंस ना, तेव्हा ते भरलेलं होतं. मी स्वयंपाकघरात बसलो होतो."

मी कॉफी ठेवली, दोघांची.